भाईंदरपासून कोलकाता किती दूर?

भाईंदरच्या पश्चिमेस खाडीच्या काठी उभे राहिले म्हणजे पलीकडे वसईचा किनारा स्पष्ट दिसतो. भरतीच्या वेळी पाणी काठाशी येऊन भिडते, ओहोटीला चिखल उघडा पडतो. पलीकडची झाडांची हिरवी रांग मात्र दोन्ही वेळी तितकीच जवळ भासते. एखाद्या नवख्या पाहुण्याने तेथे उभे राहून, "वसई येथून किती दूर आहे?" असा प्रश्न केला, तर त्याला तीन माणसांकडून तीन उत्तरे मिळतील, आणि गंमत अशी, की तिन्ही उत्तरे खरी असतील.

होडीवाला म्हणेल, "ही काय समोरच! साडेतीन-चार किलोमीटर पाणी कापले की झाले." रोज लोकलने ये-जा करणारा नोकरदार म्हणेल, "नऊ किलोमीटरांच्या आत. मध्ये एक नायगाव तेवढे लागते." आणि मालमोटारीचा चालक कपाळावरचा घाम पुसत सांगेल, "तीस किलोमीटरांहून जास्त, आणि वाहनांची गर्दी असली तर दीड तासही पुरणार नाही!"

असे का व्हावे? वसई तर आपल्या जागेवरून हललेली नाही. परंतु होडीला पाण्यावरून सरळ जाता येते. रेल्वेला खाडी ओलांडण्यासाठी अरुंद जागा शोधावी लागली. १८६४ साली गुजरातेतून मुंबईकडे लोहमार्ग आला, तेव्हा खाडीच्या मध्यभागी असलेल्या पाणजू बेटाचा आधार घेऊन त्याच्या दोन्ही अंगांस पूल बांधण्यात आले. मोटारींसाठी मात्र तेथे पूल नसल्यामुळे त्यांना पूर्वेकडे घोडबंदरच्या बाजूस जाऊन, वरसावे गावाजवळच्या महामार्गाच्या पुलावरून खाडी ओलांडून, पुन्हा पश्चिमेकडे वळावे लागे. एवढा मोठा वळसा वाचावा म्हणून २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यात भाईंदर आणि वसई यांच्या दरम्यान मोटारींनाही पोटात घेऊन जाणारी बोट सुरू झाली. त्या दिवशी मोटारवाल्यांच्या दृष्टीने वसई एकाएकी जवळ आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. दोन गावांमधील अंतर म्हणजे एकच एक आकडा नव्हे. सरळ रेषेत मोजलेले अंतर एक. प्रत्यक्ष वाटेने तुडवावे लागणारे अंतर दुसरे. आणि ती वाट संपवण्यास लागणारा वेळ, हे तिसरे. आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. म्हणूनच ते "अमुक गाव आठ कोस आहे" असे जसे सांगत, तसेच "दोन दिवसांची वाट आहे" असेही सांगत. पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणजे कोस तेवढेच राहत, पण दिवस वाढत.

आकाशात मात्र खाडी नाही, डोंगर नाही, पूल बांधण्याची खटपट नाही. तेव्हा विमानाचा प्रवास अगदी सरळ आणि त्याचा हिशेबही अगदी सोपा असला पाहिजे, असे कोणासही वाटेल. मीरा रोडच्या किंवा भाईंदरच्या गच्चीवरून जाणारे विमान पाहताना मुलांच्या मनात हाच विचार येत असतो. वस्तुतः आकाशातही वाटा आहेत, वळसे आहेत, आणि वाऱ्याच्या रूपाने नद्यादेखील आहेत.

भारतातील विमान वाहतुकीच्या आरंभीचा एक प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाची थैली घेऊन कराचीहून मुंबईकडे उड्डाण केले. कराची त्या काळी अखंड हिंदुस्थानात होती आणि इंग्लंडहून विमानाने येणारे टपाल तेथपर्यंत येऊन थांबत असे. टाटांचे विमान लहानसे, एका इंजिनाचे होते. कराचीहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ८७० किलोमीटर आहे; परंतु ती रेषा बरीचशी समुद्रावरून जाते आणि विमानात तेवढे पेट्रोलही मावत नसे. म्हणून टाटा प्रथम अहमदाबादेस उतरले आणि तेथून दक्षिणेकडे वळून, वसईची खाडी मागे टाकून, जुहूच्या मैदानावर आले. हा मार्ग सुमारे १,०३० किलोमीटरांचा होतो. अहमदाबादेस या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणण्यात आले होते! आकाशातल्या वाटेला पहिला वळसा पडला तो असा जमिनीवरच्या बैलगाडीपायी. सकाळी कराचीहून निघालेले टपाल दुपारी मुंबईत पोचले, ही त्या काळी नवलाची गोष्ट ठरली.

आजची विमाने एका दमात हजारो किलोमीटर जातात. मग त्यांची सरळ वाट कोणती? येथे भिंतीवरचा नकाशा आपल्याला फसवतो. मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत नकाशावर पट्टी ठेवून रेषा काढली, तर ती अरबस्तान, इजिप्त आणि सहाराचे वाळवंट ओलांडून अटलांटिक महासागरात उतरते. पण हीच रेषा पृथ्वीच्या गोलावर काढून पाहावी. शाळेतील गोलाचा व्यास ३० सेंटीमीटर असला, तर त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटीमीटर भरतो. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे गोलावरील एक सेंटीमीटर हे सुमारे ४२५ किलोमीटर झाले. एक दोरा घेऊन त्याचे एक टोक मुंबईवर धरावे, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत आखूड वाट शोधतो. तो सहाराकडे मुळीच जात नाही. मध्य आशियातून वर चढून नॉर्वे आणि आइसलंड यांवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून तो अमेरिकेत उतरतो! त्याची लांबी साडेएकोणतीस सेंटीमीटर, म्हणजे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. पृथ्वी चेंडूसारखी गोल आहे आणि नकाशाचा कागद सपाट आहे. गोलाचे साल सपाट करून पसरताना ध्रुवांकडील प्रदेश ताणला जातो, म्हणून नकाशावर जी रेषा वाकडी दिसते तीच खरोखर सरळ असते.

दोऱ्याने दाखवलेली वाट विमानाला तंतोतंत घेता येतेच असे नाही. आकाशात प्रत्येक देशाची हद्द असते आणि ती बंद करण्याचा त्याला अधिकार असतो. २०१९ साली फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपल्या आकाशातील मार्ग बंद ठेवले, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला आणि काहींना वाटेत इंधनासाठी उतरावे लागले. वरसाव्याच्या पुलाची आठवण व्हावी, असाच हा प्रकार.

आता आपला मूळ प्रश्न घेऊ. मुंबईहून कोलकात्यास जाण्यासाठी रेल्वेने नागपूरमार्गे १,९६८ किलोमीटर प्रवास करावा लागतो आणि वेगवान गाडीलाही एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. सरळ रेषेत हे अंतर सुमारे १,६६५ किलोमीटर आहे; गोलावर चार सेंटीमीटरांहून किंचित कमी. मोठे प्रवासी विमान पूर्ण वेगात असता तासाला आठशे ते नऊशे किलोमीटर जाते. तेव्हा भागाकार केला, की दोन तास हे उत्तर येते. परंतु विमानाच्या वेळापत्रकात पाहावे, तर साधारणतः दोन तास चाळीस मिनिटे असा काळ दिलेला आढळतो. ही चाळीस मिनिटे गेली कोठे?

हे समजण्यासाठी नागपूरच्या विमानाकडे पाहू. मुंबई ते नागपूर सरळ अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे आणि वेळापत्रकात साधारण दीड तास लिहिलेला असतो. नागपूरपेक्षा कोलकाता ९८५ किलोमीटर अधिक दूर आहे, पण तेथे पोचण्यास केवळ सत्तर मिनिटे अधिक लागतात. म्हणजे या जास्तीच्या वाटेवर विमान तासाला सुमारे ८४५ किलोमीटर वेगाने जाते. त्याच वेगाने नागपूरचे ६८० किलोमीटर अठ्ठेचाळीस मिनिटांत संपायला हवे होते. उरलेली चाळीस-बेचाळीस मिनिटे दोन्ही प्रवासांत जवळजवळ सारखीच आहेत. नागपूरला जा नाही तर कोलकात्यास जा, तेवढा कर भरावाच लागतो.

वेळापत्रकातील काळ विमान आपल्या थांब्यावरून हलते त्या क्षणापासून, ते दुसऱ्या विमानतळावरील थांब्यावर स्थिर होते त्या क्षणापर्यंत मोजतात. त्यात धावपट्टीपर्यंत हळूहळू सरकत जाणे आले, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आले. मुंबईच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या परस्परांना छेदतात, त्यामुळे एका वेळी दोन्हींचा मोकळा उपयोग करता येत नाही. साहजिकच रांग लागते. पुढे विमान उडाले, तरी ते लगेच पूर्ण वेग घेत नाही. प्रथम त्याला दहा-अकरा किलोमीटर उंची गाठायची असते, कारण तेथे हवा विरळ असते आणि विमानाला होणारा तिचा विरोध कमी असतो. चढताना वेग कमी, उतरताना त्याहून कमी. शिवाय विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरते. म्हणून पूर्वेकडे कोलकात्यास जाणारे विमानसुद्धा पुष्कळदा मुंबईहून आधी पश्चिमेकडे, समुद्रावर झेपावते आणि मग वळून आपली दिशा धरते. कोलकात्याच्या प्रवाशाला पहिले दर्शन अरबी समुद्राचे घडते!

यापुढची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. कोलकात्यास जाण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढाच परत येण्यास लागावा. पण हिवाळ्यात तसे होत नाही. त्या ऋतूत उत्तर आणि मध्य भारतावर, विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जमिनीवर पान हलत नसले, तरी वर वाऱ्याची जणू नदीच वाहत असते. विमानाचा वेग म्हणून जो सांगतात तो भोवतालच्या हवेच्या संदर्भातला असतो. हवाच पुढे सरकत असेल, तर विमानाला तेवढी मदत होते. प्रवाहाच्या दिशेने जाणाऱ्या होडीसारखी.

समजा, थोड्या वळणासह वाट १,६८० किलोमीटरांची आहे, विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर आहे आणि वारा पश्चिमेकडून ताशी १०० किलोमीटर वेगाने वाहत आहे. जाताना विमान जमिनीच्या हिशेबाने ताशी ९०० किलोमीटर जाईल आणि त्याला १ तास ५२ मिनिटे लागतील. येताना वेग ७०० राहील आणि २ तास २४ मिनिटे लागतील. वारा नसता, तर प्रत्येक खेपेस २ तास ६ मिनिटे लागली असती. येथे पुष्कळ जण घाईने म्हणतात, "जाताना वाचले ते येताना गेले, फिटंफाट झाली." पण बेरीज करून पाहावी. वारा नसता जाऊन-येऊन ४ तास १२ मिनिटे. वारा असता ४ तास १६ मिनिटे. चार मिनिटे पदरची गेली. कारण उघड आहे. वाऱ्याची मदत विमानाला १ तास ५२ मिनिटेच मिळते, पण त्याचा विरोध मात्र २ तास २४ मिनिटे सोसावा लागतो. भरती-ओहोटीचा प्रवाह सोसून खाडीत वल्ही मारणाऱ्या कोळ्याला हे गणित कागदावाचून कळते.

पावसाळ्यात पारडे फिरते. त्या दिवसांत भारताच्या दक्षिण भागावर अतिशय उंचावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहू लागतात. या वाऱ्यांचा सविस्तर अभ्यास करून तो जगापुढे मांडणाऱ्यांत पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञाचे नाव प्रमुख आहे. त्यांचा लेख १९५८ साली प्रसिद्ध झाला. वैमानिकाला उड्डाणापूर्वी अशा वाऱ्यांची माहिती पुरवली जाते आणि तीवरून विमानात इंधन किती भरावयाचे हे ठरते. म्हणून वाऱ्याचा अंदाज हा नुसता मिनिटांचा प्रश्न नाही. पोचण्या-न पोचण्याचा तो प्रश्न आहे.

घड्याळाचाही एक घोटाळा येथे सांगितला पाहिजे. कोलकाता मुंबईच्या पूर्वेस साडेपंधरा अंशांहून थोडे अधिक आहे आणि सूर्याला एक रेखांश ओलांडण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे माध्यान्हीचा सूर्य कोलकात्याच्या माथ्यावर मुंबईपेक्षा तासाभराने आधी येतो. एके काळी या दोन्ही शहरांची घड्याळेही त्याप्रमाणे वेगळी होती. सर्व देशासाठी एक प्रमाणवेळ १९०६ साली ठरली, तरी कोलकात्याने आपली वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत सोडली नाही. आज देशभर एकच वेळ असल्यामुळे पोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा केली, की प्रवासाचा काळ मिळतो. देशाबाहेर मात्र ही वजाबाकी चालत नाही. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. मुंबईहून सकाळी दहाला निघालेले विमान तीन तासांनी दुबईस उतरले, तर तेथील भिंतीवर साडेअकराच वाजलेले दिसतात; आणि आखाती देशांत नोकरीस असलेल्या माणसाचे घरचे लोक "दीड तासात पोचला!" म्हणून उगीच आश्चर्य करतात.

आता भाईंदरचे एक कुटुंब कोलकात्यास निघाले आहे, अशी कल्पना करू. त्यांचे घर विमानतळापासून पंचवीस-तीस किलोमीटर दूर आहे. द्रुतगती महामार्गाचे नाव द्रुतगती असले, तरी दहिसरपासून पुढे वाहनांची रांग लागली म्हणजे दीड तास सहज जातो. विमान सुटण्यापूर्वी दोन तास तेथे पोचावे, सामानाची तपासणी करावी, असा परिपाठ आहे. मग २ तास ४० मिनिटांचा प्रवास. कोलकात्यास उतरल्यावर सामान हाती येईपर्यंत अर्धा तास आणि तेथून शहरात जाण्यास पाऊण-एक तास. एकंदर साडेसात तास झाले. त्यांतील खऱ्याखुऱ्या वेगाचे, ढगांवरचे तास दोनसुद्धा नाहीत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तो कोलकात्याच्या दिशेने वीसएक किलोमीटर जवळ आहे, म्हणून तेथून निघणाऱ्या विमानाची एक-दोन मिनिटे वाचू शकतील. पण भाईंदरच्या कुटुंबाला ठाणे ओलांडून तेथवर जाण्यासच अधिक वेळ लागेल. विमानाला जे जवळ, ते माणसाला जवळ असेलच असे नाही.

सहलीस निघालेल्या माणसाचा तासभर मोडला तर फारसे बिघडत नाही. काही वेळा मात्र या हिशेबावर कोणाचे तरी प्राण अवलंबून असतात. मृत्यू पावलेल्या माणसाच्या कुटुंबीयांनी त्याचे हृदय दान केले, तर ते बर्फात थंड राखून दुसऱ्या रोग्याच्या शरीरात बसवता येते. पण त्यासाठी साधारणतः चार तासांचीच मुदत असते. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याच्या एका रुग्णालयात असे दान झाले आणि ज्याला ते हृदय हवे होते तो तरुण मुंबईत मुलुंडच्या रुग्णालयात होता. पुणे आणि मुंबई यांच्या विमानतळांमधील सरळ अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आतच आहे. एवढे आकाश ओलांडणे विमानाला अवघड नव्हते. अवघड होते ते पुण्यातील रुग्णालयापासून विमानतळापर्यंतचे आणि मुंबईच्या विमानतळापासून मुलुंडपर्यंतचे थोडेसे किलोमीटर. कारण तेथे सिग्नल होते, चौक होते आणि नेहमीची गर्दी होती. म्हणून दोन्ही शहरांच्या पोलिसांनी ती वाट आधीच मोकळी करून ठेवली. चौकाचौकांत वाहने थांबवण्यात आली. पुढे जाण्याची घाई असलेले लोक गाड्यांत बसून राहिले आणि त्यांच्या समोरून ती रुग्णवाहिका कोठेही न थांबता निघून गेली. मुदत संपण्याच्या आत हृदय मुलुंडला पोचले आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाली.